मूत्रपिंडाचा रोगी आणि रक्तपरीक्षेचा आकडा



वैद्यकाच्या इतिहासावर बोलण्यासाठी या व्यासपीठावर डॉक्टरऐवजी कामगार-चळवळीतला एक कार्यकर्ता उभा आहे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. माझे शाळेतले शिक्षण सातवीला थांबले. पुढे जे वाचले ते सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत, दिवसाचे काम आटोपल्यावर. मात्र आकड्यांचे कागद वाचण्याचा धंदा मी तीस वर्षे केला आहे. पगारपत्रक, हजेरीपट, महागाईचा निर्देशांक, लवादाचा निवाडा! असा कागद समोर आला की आम्ही आधी विचारतो : हा आकडा कोणी मोजला? कोणत्या मापाने मोजला? आणि ज्या माणसाला 'सर्वसाधारण' धरून हिशेब केला, तो माणूस कोण?

अलीकडे आमच्या सभासदांच्या पिशवीतून आणखी एक कागद निघू लागला आहे. तो मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराचा, रक्तपरीक्षेचा. त्यावर युरिया, क्रिएटिनिन, पोटॅशियम, ई-जीएफआर अशी नावे आणि पुढे आकडे असतात. काही आकडे ठळक छापलेले असतात, आणि ठळक आकडा पाहिला की माणसाचे पाय गळतात. मी येथे औषध सांगणार नाही; तो अधिकार डॉक्टरांचा. हा कागद जन्माला कसा आला एवढेच सांगणार आहे, कारण त्याची जन्मकथा कळली की तो निम्मा आपोआप वाचता येतो.

लंडनमध्ये गाइज नावाचे रुग्णालय आहे. तेथील डॉक्टर रिचर्ड ब्राइट याने १८२७ साली आपल्या रोग्यांच्या हकिकतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. अंगाला सूज आलेले गोरगरीब रोगी त्याच्यापुढे येत. त्यांची लघवी चमच्यात घेऊन तो मेणबत्तीवर तापवी. कित्येकांच्या लघवीत अंड्याच्या पांढऱ्यासारखा साका गोठे, आणि तो रोगी दगावल्यावर शवविच्छेदनात त्याची मूत्रपिंडे रोगट आढळत. लघवीतून वाहून जाणारा हा पदार्थ म्हणजे अल्ब्युमिन. आजही मूत्रपिंडाच्या तपासणीत रक्ताइतकेच महत्त्व लघवीतल्या अल्ब्युमिनला आहे. रक्ताचा आकडा चांगला असतानाही ते गळू लागलेले असू शकते. म्हणून नुसते रक्त तपासून घरी परतणाऱ्याला मी नेहमी विचारतो, लघवी दिलीस का? असो. ब्राइटचा सहकारी जॉन बॉस्टॉक याने अशा रोग्यांच्या रक्ताचे रासायनिक पृथक्करण केले, तेव्हा लघवीत असावयाचा युरिया त्याला रक्तात आढळला. त्या काळी या परीक्षेला पुष्कळ रक्त लागे. पण शीर तोडून रक्त काढणे हाच तेव्हा सर्वत्र रूढ उपचार असल्याने रक्ताची वाण नव्हती!

युरिया रक्तात का साचतो, याचे उत्तर याआधीच मिळाले होते. १८२१ साली जिनिव्हात प्रेव्हो आणि द्यूमा या दोघा संशोधकांनी जनावरांची दोन्ही मूत्रपिंडे काढून पाहिली. काही दिवसांत त्यांच्या रक्तात युरिया साचला. यावरून एक मोठा गैरसमज दूर झाला. मूत्रपिंडे हा मळ तयार करीत नाहीत. मळ शरीरात अन्यत्र तयार होतो. मूत्रपिंडे तो उचलून बाहेर नेतात. कारखान्याची भाषा वापरायची तर ती उत्पादन खात्यातली नसून सफाई खात्यातली आहेत. सफाई कामगार कामावर आले नाहीत तर गल्लीत कचरा किती साचला यावरून गैरहजेरी कळते. रक्तपरीक्षेचे सारे तत्त्व एवढेच आहे. आपण मूत्रपिंड मोजीत नाही, साचलेला कचरा मोजतो.

पण यातच एक गोम आहे. कचरा वाढला तो सफाई कमी झाली म्हणून, की लग्नसराईत जास्त पडला म्हणून? युरियाचे असे होते. मांस-मटण, डाळी अधिक खाल्ल्या, अंगातले पाणी आटले, पोटात रक्तस्राव झाला, तरी तो वाढतो. म्हणून शास्त्रज्ञ अशा कचऱ्याच्या शोधात होते, जो रोज जवळजवळ सारखाच पडतो.

तो सापडला मांसात. १८३२ साली शेव्ह्रल या फ्रेंच रसायनज्ञाने मांसातून क्रिएटिन हा पदार्थ वेगळा केला. नाव मांसासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून. त्यापासून होणाऱ्या पदार्थाला १८४७ साली जर्मन रसायनज्ञ लीबिग याने क्रिएटिनिन म्हटले. १८८६ साली क्यॉनिग्सबर्ग येथे माक्स याफे याला दिसले की अल्कलीत पिक्रिक आम्ल घालून क्रिएटिनिन मिसळले की नारिंगी-तांबडा रंग येतो. हे पिक्रिक आम्ल म्हणजे तोफगोळ्यांत भरण्याचा स्फोटक पदार्थ! ते हाताळणाऱ्या कामगारांची कातडी पिवळी पडे. त्याच पदार्थाने आज मूत्रपिंडाची परीक्षा होते, कारण याफेची ती रीत थोड्याफार सुधारणांनिशी आजही असंख्य प्रयोगशाळांत चालू आहे.

या रंगावरून प्रमाण काढण्याची युक्ती ओटो फोलिन याची. स्वीडनच्या एका खेड्यातला हा मुलगा १५ व्या वर्षी अमेरिकेत गेला आणि पुढे बोस्टनजवळच्या मॅक्लीन या मनोरुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करू लागला. १९०४ साली त्याने रंगाची गडदता दुसऱ्या प्रमाणित रंगाशी ताडून क्रिएटिनिन मोजले. त्याला असेही आढळले की आहारातली प्रथिने कमी-जास्त केली तरी एका माणसाच्या लघवीतून रोज जाणारे क्रिएटिनिन जवळजवळ कायम राहते. ते ठरते त्याच्या अंगातल्या स्नायूंवरून. १९१९ साली फोलिन आणि त्याचा चिनी सहकारी वू यांनी रक्ताच्या एका लहानशा नमुन्यातून युरिया, क्रिएटिनिन, साखर इत्यादी एकामागून एक मोजण्याची पद्धत बसवली. आज आपल्या हाती येणाऱ्या कागदाचा मूळ साचा हा आहे.

युरियाच्या बाजूलाही एक कथा आहे. युरिया मोजण्यासाठी युरिएज नावाचे विकर वापरत, आणि ते काही कडधान्यांतून मिळे. जेम्स सम्नर याने ते आपल्या अबईच्या जातीच्या एका घेवड्यातून स्फटिकरूपात काढले, १९२६ साली. सम्नरचा डावा हात किशोरवयात शिकारीतल्या अपघातात गेला होता, आणि तो डावखुरा होता. उरलेल्या हाताने नऊ वर्षे खटपट करून त्याने हे साधले. १९४६ साली त्याला नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आमच्या कामगार-सभांत ही गोष्ट मी एकदा तरी सांगतोच.

आता कागदाकडे येऊ. क्रिएटिनिन रोज सारखेच तयार होते असे धरले, तर सफाई निम्मी झाली की रक्तातला आकडा दुप्पट होतो. एखाद्याचा धडधाकट असतानाचा आकडा ०.७ होता. तो १.४ झाला म्हणजे निम्मे काम गेले. प्रयोगशाळेच्या कागदावर मर्यादा बहुधा १.२ किंवा १.३ पर्यंत छापलेली असते. म्हणजे ठळक अक्षर उमटेपर्यंत जवळजवळ निम्मी शक्ती संपलेली असू शकते. उलट शेवटी शेवटी आकडा ४ वरून ८ वर गेला की घरचे हादरतात, चारची वाढ झाली म्हणून. पण मूळ आकडा १ असलेल्या माणसाची शक्ती १ वरून २ होताना १०० पैकी ५० गेली, आणि ४ वरून ८ होताना उरलेल्या २५ पैकी साडेबारा. मोठी पडझड त्या पहिल्या, न दिसणाऱ्या एकात झाली. म्हणून जुने कागद फेकू नका. दहा वर्षांपूर्वी दुसऱ्याच कारणाने केलेल्या तपासणीतला ०.७ आज लाखमोलाचा आहे.

एवढे कळले तरी १९४० पर्यंत त्याचा रोग्याला उपयोग थोडाच होता. आकडा सांगे की माणूस मरणार, उपाय नव्हता. नाझींच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, कांपेन गावी, विलेम कोल्फ या डॉक्टराने १९४३ साली सॉसेज भरण्याच्या सेलोफेनच्या नळ्या लाकडी पिंपाभोवती गुंडाळून पहिले उपयोगी कृत्रिम मूत्रपिंड बनवले. यंत्राआधी युरिया किती, नंतर किती, याच आकड्यांवरून यंत्र चालते की नाही हे तो ताडी. पहिले जवळजवळ सर्व रोगी दगावले. १९४५ च्या सप्टेंबरात ६७ वर्षांची एक स्त्री वाचली. पण ही मदत तात्पुरत्या बिघाडापुरती. जुनाट रोग्याला आठवड्यातून अनेकदा यंत्रावर ठेवायचे तर दर वेळी नवी शीर उघडावी लागे. ती अडचण सिअॅटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर याने १९६० साली टेफ्लॉनची नळी हातात कायम बसवून दूर केली. पहिला रोगी क्लाइड शील्ड्स. बोइंग विमान-कारखान्यातला यंत्रकामगार. तो पुढे ११ वर्षे जगला.

आणि मग आमच्या विषयातला प्रश्न उभा राहिला. यंत्रे थोडी, रोगी फार. १९६२ पासून सिअॅटलमध्ये सात नागरिकांची समिती बसू लागली. डॉक्टर ज्यांना वैद्यकीयदृष्ट्या योग्य ठरवीत, त्यांतून कोणाला यंत्र द्यावयाचे हे ती ठरवी. समितीत वकील होता, पाद्री होता, बँकवाला होता, एक गृहिणी, एक सरकारी अधिकारी, एक शल्यविशारद, आणि एक कामगार-पुढारी. त्या वर्षी 'लाइफ' साप्ताहिकाने ही हकिकत छापली तेव्हा लोकांना कळले की रोग्याचे उत्पन्न, शिक्षण, धंदा, बायकामुले, चर्चला जाणे, यांचाही विचार तेथे होतो. सारखाच आकडा असलेले दोन रोगी. एक जगणार, एक नाही. त्या सातव्या खुर्चीवर बसलेल्या आपल्या व्यवसायबंधूविषयी मी पुष्कळ विचार केला आहे. माझे मत असे की त्याने तेथे बसायलाच नको होते. यंत्रे वाढवा अशी मागणी घेऊन त्याने दाराबाहेर बसायला हवे होते. ते काम शेवटी रोग्यांच्या संघटनेने केले. १९७१ साली वॉशिंग्टनला एका रोग्याने लोकप्रतिनिधींच्या समितीसमोर स्वतःला यंत्र लावून घेऊन दाखवले, आणि १९७२ च्या कायद्याने अमेरिकेत बहुतेक सर्व अशा रोग्यांच्या डायलिसिसचा खर्च सरकारी विम्यावर आला. आपल्याकडे केंद्र सरकारचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर व्हायला २०१६ साल उजाडले.

यंत्र मिळू लागले, पण यंत्रापर्यंत जाण्याची पाळीच येऊ नये यासाठी रोग लवकर ओळखणे भाग होते. क्रिएटिनिनवरून सफाईची शक्ती काढण्याचे सूत्र हवे होते. येथे मला आमच्या ऊसतोडणीच्या एका टोळीतली गोष्ट सांगू द्या. फडावरच्या एका बाईने दोन कागद पुढे केले आणि विचारले, "भाऊ, माजं बी एक पॉइंट चार आलंय, आन् मालकाचं बी तेवढंच. मंग दोघांचा आजार सारखाच का वो?"

"नाही ताई," मी म्हटले, "तुमचा जास्त आहे. डॉक्टरांना आधी तुमचा कागद दाखवा."

हे मी कशावरून म्हटले? १९७६ साली कॅनडात कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट या दोघांनी एक सूत्र प्रसिद्ध केले. १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, ७२ आणि क्रिएटिनिन यांच्या गुणाकाराने भागा. स्त्री असेल तर उत्तर १५ टक्क्यांनी कमी करा. बाईचे वय ४५, वजन ४२ किलो. उत्तर येते सुमारे ३४. नवऱ्याचे वय ४८, वजन ६२. उत्तर सुमारे ५७. यातला थोडा फरक बाईचे शरीरच लहान असल्यामुळे आहे. पण मुख्य कारण फोलिनने सांगितलेले : तिच्या अंगात स्नायू थोडे, म्हणून क्रिएटिनिन थोडेच तयार होते, आणि एवढ्या थोड्या कचऱ्यातूनही १.४ साचले याचा अर्थ सफाई फारच मंदावली आहे.

पण या सूत्रालाही आमचा प्रश्न विचारायला हवा, की सर्वसाधारण माणूस कोण? ते बसवले गेले २४९ रोग्यांवरून, आणि ते जवळजवळ सर्व पुरुष होते. स्त्रियांसाठीची १५ टक्के घट मोजून काढलेली नसून अंदाजाने धरलेली होती. आज प्रयोगशाळा जो ई-जीएफआर छापतात तो यानंतरच्या सूत्रांचा असतो आणि त्यात वजन विचारातच घेत नाहीत. त्यापुढे '१.७३ चौरस मीटर' असे लिहिलेले असते. ही १.७३ कोठून आली? १९२८ साली अमेरिकेतल्या पंचविशीतल्या स्त्रीपुरुषांच्या उंची-वजनाच्या कोष्टकांवरून काढलेले ते कातडीचे सरासरी क्षेत्रफळ आहे. शंभर वर्षांपूर्वीचा अमेरिकन तरुण आजही आपल्या मराठवाड्यातल्या बाईच्या कागदावर ठाण मांडून बसला आहे! तात्पर्य, हाडकुळ्या, उपाशी, किंवा मांस न खाणाऱ्या माणसाचा ई-जीएफआर आहे त्याहून चांगला दिसू शकतो, आणि तालमीतल्या पहिलवानाचा वाईट. सिस्टॅटिन-सी नावाची दुसरी परीक्षा स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. ती महाग आहे, पण शंका असेल तेथे डॉक्टरांना विचारण्यासारखी आहे.

याहून गंभीर प्रकार अमेरिकेत घडला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या सूत्रात रोगी काळा असेल तर उत्तर सुमारे एक पंचमांशाने वाढवावे असे कलम होते. काळ्या लोकांचे स्नायू अधिक असतात, असे त्याचे समर्थन. परिणाम काय झाला? गोऱ्याइतकेच क्रिएटिनिन असलेल्या काळ्या माणसाचे मूत्रपिंड कागदावर अधिक चांगले ठरले. तेथे मूत्रपिंडरोपणाच्या यादीत प्रतीक्षेचा काळ मोजायला आकडा २० वा त्याखाली यावा लागतो. काळा रोगी तेथवर उशिरा पोचला. पुष्कळ आंदोलनानंतर २०२१ साली वंशाचे कलम काढून नवे सूत्र आले. आणि २०२३ च्या जानेवारीपासून, जुन्या सूत्रामुळे ज्यांचा काळ बुडाला त्या काळ्या रोग्यांची तारीख मागे नेऊन तो काळ त्यांच्या खात्यात जमा करावा असा नियम झाला. आमच्या भाषेत याला मागील फरक म्हणतात. पगाराचा फरक मिळवताना आम्हांला कोर्टात वर्षे जातात. येथे आयुष्याचा फरक मिळाला, पण अर्थात जे तोवर जगले त्यांनाच.

कागदावरच्या इतर ओळींविषयी थोडक्यात सांगतो. युरिया दोन रीतींनी छापतात. कोणी संपूर्ण युरिया देतो, कोणी त्यातल्या नायट्रोजनचे वजन, ज्याला बीयूएन म्हणतात. २८ बीयूएन म्हणजेच ६० युरिया. प्रयोगशाळा बदलल्यावर आकडा निम्मा झाला म्हणून पेढे वाटणारे घर मी पाहिले आहे. तसेच आखाती देशांतून परतलेल्याच्या कागदावर क्रिएटिनिन १७७ दिसले तर घाबरू नये. ते वेगळे माप आहे, ८८.४ ने भागले की आपले २ येतात. पोटॅशियम मात्र खरोखर घातक ठरू शकते, ते वाढले तर हृदय थांबते. म्हणून ज्याचे वाढलेले आहे त्याने 'थंड असते' म्हणून नारळपाणी पिऊ नये. पण रक्त काढताना किंवा नेताना पेशी फुटल्या तरी तो आकडा खोटाच वाढतो, म्हणून डॉक्टर कधी कधी परीक्षा पुन्हा करायला सांगतात. हिमोग्लोबिन उतरते ते नुसत्या पालेभाज्या न खाल्ल्याने नव्हे. रक्त तयार करण्याचा हुकूम देणारा एरिथ्रोपोएटिन हा पदार्थ मूत्रपिंडात तयार होतो, तोच कमी पडतो.

शेवटी पुन्हा उसाच्या फडाकडे. २००२ साली एल साल्वादोर या मध्य अमेरिकेतल्या देशातून वृत्त प्रसिद्ध झाले की मधुमेह नाही, रक्तदाब नाही, अशा तरुण शेतमजुरांची मूत्रपिंडे निकामी होत आहेत. शेजारच्या निकाराग्वात ऊसतोड कामगार अशाच रोगाने गेले; एका वस्तीला लोक विधवांचे बेट म्हणू लागले. आंध्रातल्या उद्दानम भागात आणि श्रीलंकेतही शेतकऱ्यांत असाच, नेहमीच्या कारणांत न बसणारा विकार आहे. कारणांविषयी शास्त्रज्ञांत एकमत नाही. पण मध्य अमेरिकेत उन्हात जीव तोडून काम आणि अंगातले पाणी आटणे यांवर बहुतेकांचे बोट आहे. अंगदुखीच्या गोळ्या या माऱ्यात भर घालतात. आपल्या फडावरही त्या सुपारीसारख्या खाल्ल्या जातात. नुसत्या एका पाळीच्या श्रमानेही क्रिएटिनिन तात्पुरते चढते, म्हणून संध्याकाळी फडावरून उठून दिलेल्या रक्तावर कायमचा निवाडा होत नाही. आदल्या रात्रीच्या मटणानेही तो थोडा चढतो. तीन महिन्यांहून अधिक काळ बिघाड टिकला तरच जुनाट विकार म्हणावे, असा २००२ पासूनचा नियम आहे.

निकाराग्वात साखर कारखान्यांनी हंगामाआधी कामगारांचे क्रिएटिनिन तपासायला सुरुवात केली. ज्याचा आकडा वर, त्याला काम नाही. रोग ओळखण्याचे साधन कामावरून काढण्याचे साधन झाले. काही कामगार दुसऱ्याच्या नावाने किंवा ठेकेदाराच्या आडून पुन्हा त्याच उन्हात शिरले, कारण घरी चूल पेटायला हवी होती. पुढे तेथेच सावली, पाणी आणि ठराविक वेळाने सक्तीची विश्रांती देऊन पाहिली, तेव्हा विश्रांती वाढवलेल्या तोडणी-कामगारांत एका हंगामात मूत्रपिंडाला इजा होण्याचे प्रमाण घटले. हे २०२० साली प्रसिद्ध झाले आहे.

आमच्या मागणीपत्रात या वर्षी तीन कलमे आहेत. कोयता हाती घेण्यापूर्वी आणि हंगाम संपल्यावर प्रत्येकाची, बायकांचीही, रक्ताची आणि लघवीची परीक्षा व्हावी आणि कागदाची प्रत कामगाराच्या हाती मिळावी. दर तासाला सावलीत विश्रांती आणि पाणी असावे. आणि आकडा वाईट आला म्हणून कोणाला टोळीतून काढू नये, उचलही वसूल करू नये; हलके काम द्यावे. पहिल्या दोहोंवर कारखान्याचे प्रतिनिधी विचार करू म्हणाले. तिसऱ्यावर त्यांनी मुकादमाकडे बोट दाखवले, मुकादमाने कारखान्याकडे. पुढची बैठक गाळप सुरू होण्याआधी ठरली आहे.